दोन तासांचें पाळणाघर



शिक्षणाचा खर्च सांगावयाचा म्हणजे शुल्क, पुस्तकें, रेल्वेचा पास आणि फार झालें तर वसतिगृहाचें भाडें, एवढ्यावर हिशेब पुरा होतो. परंतु महाविद्यालयांत येणाऱ्या विद्यार्थिनींत एक वर्ग असा आहे कीं, ज्याचा सर्वांत जड खर्च या हिशेबांत कोठेंच मांडलेला नसतो. हा वर्ग शिकणाऱ्या मातांचा. आणि तो खर्च म्हणजे, वर्गाची घंटा झाली असतां दोन वर्षांचें मूल कोणाच्या स्वाधीन करावयाचें, या प्रश्नाचा. तो रुपयांत फेडावा लागत नाहीं म्हणून दिसत नाहीं. पुष्कळदां तो पदवी अर्ध्यावर सोडून फेडला जातो.

गोंदिया जिल्ह्याचें उदाहरण घ्यावें. १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा धानाच्या बांध्यांचा, तलावांचा आणि जंगलांचा. येथें स्वतंत्र विद्यापीठ नाहीं. १९२३ सालीं स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाशीं येथील महाविद्यालयें जोडलेलीं आहेत. मनोहरभाई पटेल यांनीं १९५८ सालीं स्थापिलेल्या गोंदिया एज्युकेशन सोसायटीनें या भागांत उच्च शिक्षणाची वाट मोकळी केली. गोंदियाचें धोटे बंधु विज्ञान महाविद्यालय, आमगांवचें भवभूति महाविद्यालय, अशीं नांवें आज घरोघरीं परिचित आहेत. म्हणून 'विद्यापीठाचें आवार' हे शब्द येथें एकाच भिंतीच्या आंतील जागेस लागू पडत नाहींत. गांवोगांवच्या महाविद्यालयांचीं लहान आवारें मिळून तें झालेलें आहे. प्रश्न सोडवावयाचा तो या लहान आवारांतच.

आतां अशी एक विद्यार्थिनी डोळ्यांपुढें आणावी. बारावीनंतर तिचें लग्न झालें. सासरच्यांनीं पुढें शिकण्यास मोकळीक दिली. आणि पदवीचें एक वर्ष उरलें असतांना तिला मूल झालें. ती सालेकसा किंवा तिरोडा तालुक्यांतील एकाद्या गांवीं राहते. तिचे तास दिवसाला तीन. पण जाण्यायेण्याचा वेळ धरून ती पांच तास घराबाहेर असते. तिची अडचण ऐकून शहरांतील सुशिक्षित कुटुंबांतून लगेच विचारलें जाईल, "कां, घरांत आजी नाहीं का?" आजी आहे, पण धानाच्या मुलखांत आजी ही घरीं बसून राहणारी बाई नव्हे. आषाढांत रोवणी लागली म्हणजे गुडघाभर चिखलांत वाकून रोपें लावणारे हात बहुतेक स्त्रियांचेच असतात, आणि त्यांत साठीच्या घरांतील आजीहि असते. महाविद्यालयाचे वर्ग सुरू होऊन रंगास येतात ते याच दिवसांत. हिवाळी परीक्षा जवळ येते तेव्हां धान कापणीस आलेलें असतें. चैत्रांत मोहफुलें वेंचावयाचीं असतात. वैशाखांत तेंदूपानें तोडून त्यांचे पुडके बांधावयाचे असतात. आणि उन्हाळी परीक्षांचें वेळापत्रक त्याच सुमारास लागतें. विद्यापीठाचें पंचांग आणि शेतारानाचें पंचांग वर्षांतून तीन वेळां असें एकमेकांस आडवें येतें. ज्या दिवसांत आईला घरांत माणूस हवें, नेमकें त्याच दिवसांत घरांत माणूस नसतें.

गांवांत अंगणवाडी आहे, हें खरें. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेनें ती खेड्यापाड्यांत नेली. परंतु तेथील बालशिक्षण तीन ते सहा वर्षांच्या मुलांकरितां आहे. अंगावर पिणारें किंवा नुकतेंच चालूं लागलेलें मूल आईच्या गैरहजेरींत सांभाळणें हें सर्वसाधारण अंगणवाडीचें काम नव्हे. शिवाय अनेक गृहिणी ज्याच्या आधारें पदवी घेतात तें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, जें १९८९ मध्यें नाशिक येथें स्थापन झालें, त्याचीं संपर्कसत्रें बहुधा रविवारीं व सुट्टीच्या दिवशीं भरतात. त्या दिवशीं अंगणवाडीस कुलूप असतें.

ही अडचण आजकालची आहे असें मात्र कोणीं समजूं नये. महाराष्ट्रांतील स्त्रीशिक्षणाच्या इतिहासांत ती पहिल्यापासून आहे. पंडिता रमाबाई १८८३ मध्यें इंग्लंडला निघाल्या तेव्हां त्या विधवा होत्या आणि त्यांची मुलगी मनोरमा अवघी दोन वर्षांची होती. वॉन्टेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठांत त्यांना आश्रय मिळाला. पुढें १८८४ पासून चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या महाविद्यालयांत त्या संस्कृत शिकवूं लागल्या व स्वतःहि शिकूं लागल्या. त्या काळांत मनोरमेचा सांभाळ बराच वेळ त्या भगिनींकडे असे. या आधाराची किंमतहि रमाबाईंना मोजावी लागली. मुलीस कोणतें वळण लावावें यावरून त्यांचे व त्या भगिनींचे मतभेद झाले. यांतील बोध मोठा आहे. मूल सांभाळणारें कोणी भेटलें म्हणजे आईचा प्रश्न निम्मा सुटतो. उरलेला निम्मा, तें मूल आईच्या विचारानें सांभाळलें जातें कीं नाहीं, यावर अवलंबून असतो. १८८६ मध्यें रमाबाई अमेरिकेस गेल्या आणि तेथें त्यांनीं बालोद्यानाची शिक्षणपद्धति मन लावून अभ्यासली. १८८९ मध्यें मुंबईस शारदासदन काढणाऱ्या या बाईंना लहान मुलांचें शिक्षण आणि त्यांच्या आयांचें शिक्षण हीं दोन निराळीं कामें वाटलीं नाहींत.

त्यानंतरच्या काळांत राज्यकर्त्यांना आईची आठवण झाली ती मुख्यतः कामगार म्हणून. १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्यानें पन्नासांहून अधिक स्त्रिया कामास असतील तेथें त्यांच्या सहा वर्षांखालील मुलांसाठीं खोली ठेवण्याचें बंधन घातलें, आणि १९७६ मध्यें हा आंकडा तीसवर आणला. १९६६ च्या विडी कामगारांच्या कायद्यांतहि पाळणाघराचें कलम होतें; पण गोंदिया-भंडाऱ्याकडे विड्या बहुतांशीं घरच्या ओसरीवर वळल्या जात, त्यामुळें त्या कलमाचा लाभ थोडक्याच जणींना झाला. २०१७ च्या प्रसूतिविषयक दुरुस्तीनें पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांना पाळणाघर आवश्यक केलें, आणि आईला दिवसांतून चार वेळां मुलाकडे जाण्याची मुभा दिली. २०२० मध्यें संमत झालेल्या सामाजिक सुरक्षेच्या संहितेंतहि हीच तरतूद आली. सर्वांत बोलकें उदाहरण २००५ च्या ग्रामीण रोजगार हमीच्या कायद्याचें. कामावर आलेल्या स्त्रियांबरोबर सहा वर्षांखालील पांच मुलें असलीं, तर त्यांच्यापैकीं एका स्त्रीनें खोदकाम न करतां तीं मुलें सांभाळावीं आणि तिला रोजची मजुरी मिळावी, असें त्यांत म्हटलें होतें. तळ्याच्या गाळावर पांच मुलांसाठीं एक बाई नेमावी हें ज्या देशाला सुचलें, त्या देशांत वर्गांत बसणाऱ्या विद्यार्थिनीचें मूल मात्र कोणत्याच कलमांत बसत नाहीं. कारण ती नोकर नव्हे, मजूर नव्हे, तिचें नांव वेतनपत्रकावर नाहीं.

विद्यार्थिनीसाठीं कांहींच झालें नाहीं, असें मात्र म्हणतां येणार नाहीं. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१६ मध्यें पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांना संशोधनाच्या काळांत एकदां २४० दिवसांपर्यंत प्रसूति व बालसंगोपन रजेची सोय केली. २०२१ च्या डिसेंबरांत पदवी व पदव्युत्तर वर्गांतील विद्यार्थिनींनाहि रजा व उपस्थितींत सवलत देणारे नियम करावे, असें आयोगानें विद्यापीठांना कळविलें. २०२४ मध्यें महाराष्ट्र शासनानें ठराविक वर्गांतील व ठराविक उत्पन्नाखालील मुलींचें व्यावसायिक अभ्यासक्रमांचें शुल्क माफ केलें. हीं सर्व पावलें स्वागतार्ह आहेत. परंतु रजा आणि पाळणाघर यांतील फरक ध्यानीं घेतला पाहिजे. रजा आईला महाविद्यालयांतून घरीं पाठविते. पाळणाघर तिला घरांतून महाविद्यालयांत आणतें. रजा संपते त्या दिवशीं मूल आठ-नऊ महिन्यांचें असतें, म्हणजे ज्या वयांत त्याला क्षणभर नजरेआड करतां येत नाहीं त्या वयांत तें नुकतेंच शिरलेलें असतें. अशा वेळीं उपस्थितींत सवलत मिळालेल्या आईला पुस्तक हातीं येतें, पण शिक्षक मिळत नाहीं आणि प्रयोगशाळा तर मुळींच मिळत नाहीं. तिनें घरीं वाचावें व परीक्षेस यावें, असें म्हणणें म्हणजे मागच्या दारानें तिला महाविद्यालयांतून निरोप देण्यासारखेंच आहे.

आयोगानें अकराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळांत, म्हणजे २००७ ते २०१२ या वर्षांत, विद्यापीठें व महाविद्यालयें यांच्या आवारांत शिशुसंगोपन केंद्रें काढण्यास साहाय्य देण्याची योजनाहि आंखली होती. सुमारें तीन महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतचीं मुलें तींत धरलीं होतीं, आणि केवळ नोकरांचींच नव्हे तर विद्यार्थ्यांचींहि. परंतु ती कल्पना दिवसभराच्या केंद्राची होती. केंद्र सरकारची 'पाळणा' योजनाहि महिन्याचे सव्वीस दिवस आणि दिवसाचे साडेसात तास या मापानें बेतलेली आहे. नोकरी करणाऱ्या आईला हें माप योग्य. पण दहाला येऊन एकला परत गाडी पकडणाऱ्या विद्यार्थिनीला साडेसात तासांचें पाळणाघर म्हणजे दोन शेर दुधासाठीं हंडा. लहान महाविद्यालयाला तेवढा पसारा मांडतां येत नाहीं, म्हणून तें कांहींच मांडीत नाहीं. येथेंच चूक होते. मोठें जमत नाहीं म्हणून लहानहि करावयाचें नाहीं, हा न्याय सोडला पाहिजे. महाविद्यालयास हवें आहे तें दोन-तीन तासांचें, तासिकांच्या घंटेशीं बांधलेलें, लहानसें पाळणाघर.

परंतु लहान म्हणून तें सोपें आहे, अशी समजूत असूं नये. एका अर्थानें तें दिवसभराच्या पाळणाघराहून अवघड आहे. रोज आठ तास येणारें मूल आठवड्याभरांत तेथील बाईला ओळखूं लागतें. आठवड्यांतून तीनदां, दोन-दोन तास येणाऱ्या मुलाला प्रत्येक वेळीं ती बाई नवीच वाटते. आठ महिन्यांपासून दीड-दोन वर्षांपर्यंतच्या वयांत परक्या माणसाची भीति सर्वांत तीव्र असते. म्हणून अल्पकालीन पाळणाघराचा पहिला नियम हा कीं, सांभाळणारी व्यक्ति बदलतां कामा नये. आज शिपायाची बायको, उद्यां एकादी विद्यार्थिनी, परवां जी मोकळी असेल ती, अशी व्यवस्था म्हणजे मुलाचा छळ होय. दुसरा नियम हा कीं, पहिले चार-पांच दिवस आईनें मुलाजवळ बसावें. प्रथम पाव तास बाहेर जावें, मग अर्धा तास, मग एक तास. तिसरा नियम हा कीं, आईनें मुलाला चुकवून पळूं नये; सांगून जावें व सांगितलेल्या वेळीं परत यावें. घंटा झाली कीं आई येते, हें एकदां मुलाला कळलें म्हणजे घंटा त्याचीहि होते.

जागेचा प्रश्न त्या मानानें किरकोळ आहे. २०१८ मध्यें केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानें पाळणाघरांसाठीं जीं किमान तत्त्वें घालून दिलीं, त्यांत प्रत्येक मुलामागें दहा ते बारा चौरस फूट जागा धरली आहे. वीस फूट रुंद व पंचवीस फूट लांब अशी वर्गाची एक खोली पांचशें चौरस फुटांची होते. दहा मुलांना ती पुरून उरते, आणि एका कोपऱ्यांत पडदा लावून आयांना दूध पाजण्यास स्वतंत्र जागा निघते. खोली तळमजल्यावर असावी. तिला लागून संडास व हात धुण्याची सोय असावी. विजेचीं बटणें मुलाच्या हाताबाहेर असावीं. दाराला फाटक असावें. गोंदियाचा उन्हाळा ध्यानांत घेतां पत्र्याच्या छपराखालची खोली कदापि निवडूं नये.

माणसांच्या बाबतींत काटकसर करूं नये. एकटी बाई कधींहि ठेवूं नये. मूल पडलें, आजारी झालें किंवा बाईलाच बाहेर जावें लागलें तर दुसरी हजर पाहिजे. तीन वर्षांखालील पांच-सहा मुलांमागें एक बाई असली तर सांभाळ नीट होतो. गृहविज्ञानाच्या विद्यार्थिनींना तेथें निरीक्षणास पाठवावें, पण त्यांना फुकटच्या दाया समजूं नये. एका वहींत मुलाचें नांव, येण्याची व जाण्याची वेळ, आईची वर्गखोली आणि मूल परत नेण्याचा अधिकार कोणाला आहे हें लिहावें, व त्या माणसाखेरीज इतरांच्या हातीं मूल देऊं नये. ताप आलेलें मूल ठेवून घेऊं नये. औषध पाजण्याची जबाबदारी बाईनें घेऊं नये; खाणें घरचें असावें; आईला वर्गांतून बोलावण्याची सोय मात्र केव्हांहि असावी. दिवसभराच्या पाळणाघरांत आई दूर असते. येथें ती चार खोल्यांपलीकडे असते. अल्पकालीन पाळणाघराचें हेंच सर्वांत मोठें बळ आहे.

खेळण्यांसाठीं फार खर्च नको. १९४५ मध्यें ठाणे जिल्ह्यांतील बोर्डी येथें ताराबाई मोडक यांनीं अंगणवाडीचा प्रयोग आरंभिला आणि अनुताई वाघ त्यांत त्यांच्या सहकारी झाल्या. माती, शंखशिंपले, बिया, पानें, काड्या अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूंवर त्यांनीं मुलांचें शिक्षण उभें केलें. गोंदियाच्या आसमंतांत बियांना, बांबूला आणि मातीला तोटा नाहीं. एवढें मात्र पाहावें कीं, लहान मुलांच्या तोंडांत व नाकांत जाईल अशी वस्तु त्यांच्या हातीं पडूं नये.

आणि आयांनाहि कांहीं कर्तव्य असावें. डॉ. मारिया माँटेसोरी यांनीं ६ जानेवारी १९०७ रोजीं रोम शहरांतील सान लोरेंझो या गरीब वस्तींत पहिलें बालगृह उघडलें. तेथें आईबाप कामावर गेल्यावर मुलें मागें एकटीं राहत व नव्या इमारतींची नासधूस करीत, म्हणून इमारतींच्या चालकांनाच ही सोय हवी होती. या बालगृहांत शुल्क नव्हतें. पण मूल स्वच्छ करून पाठवावें आणि आठवड्यांतून एकदां तरी आईनें शिक्षिकेशीं बोलावें, असा नियम होता. महाविद्यालयाच्या पाळणाघरानेंहि हा नियम घ्यावा. रमाबाईंना जो ताप झाला तो यानेंच टळेल; आई केवळ मूल ठेवून जाणारी राहणार नाहीं, त्या खोलींत काय चालतें यांत तिचाहि शब्द राहील. बापांनाहि हें दार बंद नसावें. आई दुसरीकडे कामास आहे आणि बाप येथें शिकत आहे किंवा शिकवीत आहे, तर मूल त्यानें आणावें.

पैशाचा विचार करतां, बायांचें वेतन हाच वर्षानुवर्ष चालणारा खर्च आहे. तो एकट्या विद्यार्थिनींवर टाकला तर ज्यांच्यासाठीं सोय केली त्यांनाच ती परवडणार नाहीं. प्राध्यापिका, ग्रंथालयांतील व कचेरींतील नोकर यांचींहि मुलें तेथें आलीं, त्यांनीं आपल्या ऐपतीप्रमाणें वर्गणी दिली, विद्यार्थिनींकडून नाममात्र रक्कम घेतली आणि उरलेला भार संस्थेनें उचलला, तर तो असह्य होणार नाहीं. जवळजवळच्या दोन संस्थांनीं मिळून एकच खोली चालविली तरीहि चालेल, मात्र तिचें अंतर आईला मधल्या सुट्टींत जाऊन येण्याइतकें असावें.

या सूचनेवर नेहमींचा आक्षेप असा येतो कीं, "अशा विद्यार्थिनी आहेतच किती?" हा आक्षेप ऐकण्यास व्यवहारी वाटतो, पण तो उलट्या बाजूनें मोजतो. मूल झाल्यावर जी आलीच नाहीं तिची गणना वर्गाच्या हजेरीपटावर कशी होणार? नदीवर पूल नसतांना नदी ओलांडणारे मोजले तर पूल अनावश्यकच ठरेल. खरी संख्या हवी असेल तर प्रवेशाच्या वेळीं एक साधा प्रश्न विचारावा: आपणांस सहा वर्षांखालील मूल आहे का, आणि तासांच्या वेळीं तें कोणाजवळ असतें? हें उत्तर सक्तीचें नसावें, व त्यावरून कोणाचा प्रवेश अडूं नये. जोडीला, गेल्या तीन वर्षांत अर्ध्यावर सोडून गेलेल्या मुलींच्या घरीं एकेक पत्र टाकून कारण विचारावें.

आरंभ करण्यास संपूर्ण वर्षाची व्यवस्थाहि प्रथम नको. परीक्षेचे दिवस निवडावे. तीन तासांचा पेपर, त्याआधीं अर्धा तास व नंतर अर्धा तास, असे चार तास. बसण्याच्या क्रमांकाबरोबरच मुलाचें नांवहि आगाऊ नोंदलेलें. तळमजल्यावरील एक खोली, दोन ठरलेल्या बाया, एक वही, पाण्याचा माठ आणि सतरंजी. आज अशा दिवशीं केंद्राच्या फाटकाबाहेर झाडाखालीं मूल कडेवर घेऊन उभा असलेला एकादा दीर, नणंद किंवा म्हातारी सासू पुष्कळांनीं पाहिली असेल. आंत पेपर लिहिणाऱ्या आईचा एक कान त्या झाडाकडे लागलेला असतो. तिला तीन तास दोन्ही कान मिळवून देणें हें एका महाविद्यालयाच्या आंवाक्याबाहेरचें काम नाहीं, आणि येत्या हिवाळी परीक्षेपूर्वीं तें सहज होण्यासारखें आहे.